इन्शुलिन सुरू असूनही कुत्र्याची किंवा मांजराची साखर उतरत नसेल, तर डोस वाढवण्याआधी काय तपासावे

"दोन्ही वेळा न चुकता इंजेक्शन देतो, तरी साखर साडेचारशेच्या खाली यायला तयार नाही." कुत्र्या-मांजरांच्या दवाखान्यात सहायक म्हणून काम करताना गेल्या तेरा वर्षांत ही तक्रार मी किती पालकांकडून ऐकली, याची गणती नाही. डोस ठरवणे हे पशुवैद्यकांचे काम आहे, माझे नाही. ठरलेला डोस प्राण्याच्या कातडीखाली खरोखर तेवढाच जातो आहे का, हे पालकांना शेजारी बसवून पाहणे हे माझे काम, आणि दोष बहुतेक वेळा तिथेच सापडतो. म्हणून साखर चढलेली दिसली की लगेच डोस वाढवून मागू नये, आणि स्वतः तर मुळीच वाढवू नये. बाटली, सिरिंज, हात, जेवण आणि इतर औषधे या क्रमाने आधी पाहावे. यातील पहिल्या तीन गोष्टी तपासायला जवळजवळ काहीच खर्च येत नाही.

लक्षणे

इन्शुलिन सुरू होऊन महिना झाला की प्राणी हळूहळू पूर्वपदावर यायला हवा. तसे न होता पाण्याचे भांडे पुन्हा पुन्हा भरावे लागते, रात्रभर लघवी धरून ठेवणारा कुत्रा पहाटे दिवाणखान्यात लघवी करतो, वाळलेल्या डागाभोवती मुंग्या जमतात, आणि भूक दणकून असूनही पाठीवरून हात फिरवला की मणके बोटांना लागतात. कुत्र्याच्या डोळ्यांत निळसर पांढरी झाक येऊ लागते, कारण मधुमेही कुत्र्यांमध्ये मोतीबिंदू फार झपाट्याने वाढतो. मांजरांमध्ये मोतीबिंदू क्वचित होतो. साखर दीर्घकाळ चढलेली राहिली, तर मांजर मागचे पाय बोटांवर न पेलता टाचेपर्यंत जमिनीला टेकवून चालू लागते. हा नसांवर झालेला परिणाम असून साखर ताब्यात आल्यावर तो बऱ्याच अंशी सुधारतो.

यात मोजता येण्याजोगी आणि फुकटची खूण म्हणजे पाणी. सकाळी मापाच्या भांड्याने मोजून पाणी ठेवावे, दिवसभरात भर घालावी लागली तर तीही लिहावी, आणि चोवीस तासांनी उरलेले वजा करावे. कुत्रा दिवसाला किलोमागे १०० मिलीपेक्षा जास्त पाणी पीत असेल, म्हणजे दहा किलोचा कुत्रा एक लिटरच्या वर जात असेल, तर ते निश्चितच जास्त आहे. मांजराच्या बाबतीत किलोमागे ५० मिली हीच वरची हद्द समजावी. रक्तातील साखर कुत्र्यात साधारण १८० ते २२० आणि मांजरात २५० ते ३०० मिलिग्रॅम प्रति डेसिलिटरच्या वर गेली की मूत्रपिंडांना ती अडवता येत नाही. ती लघवीत उतरते आणि जाताना पाणी ओढून नेते. म्हणूनच ग्लुकोमीटरवरच्या एखाद्या आकड्यापेक्षा आठवडाभराच्या पाण्याच्या नोंदीवर माझा अधिक विश्वास आहे.

आधी धोक्याची लक्षणे पाहावीत

पुढील लक्षणांपैकी एकही दिसत असेल, तर तपासण्या करत बसू नये. प्राण्याने खाणे सोडले आहे, उलट्या होत आहेत, तो मलूल पडला आहे आणि तोंडाला नेलपॉलिश काढण्याच्या द्रवासारखा वास येतो आहे, अशी स्थिती असेल तर रक्तात कीटोन (साखर वापरता न आल्याने शरीर चरबी जाळते, तेव्हा बनणारी घातक द्रव्ये) साचल्याचा दाट संशय घ्यावा. यावर घरी उपाय नाही. शिरेतून द्रव, क्षारांवर नजर आणि जलद इन्शुलिन, असे सगळे लागते, तेही त्याच दिवशी.

याच्या उलट, इंजेक्शनानंतर काही तासांत प्राणी झोकांड्या खाऊ लागला, थरथरू लागला, भांबावल्यासारखा भिंतीकडे पाहत उभा राहिला किंवा त्याला झटका आला, तर साखर फार खाली गेली आहे. मध, साखरेचा घट्ट पाक किंवा ग्लुकोजची पावडर पाण्यात कालवून हिरड्यांना चोळावी. घशात ओतू नये, कारण ते फुप्फुसात जाऊ शकते. झटका चालू असेल तर बोटे दातांपासून दूर ठेवावीत. प्राणी पाच मिनिटांत उठून उभा राहिला तरी दवाखान्यात न्यावेच, कारण दिलेले इन्शुलिन पुढे कित्येक तास काम करत राहणार असते आणि मधाचा परिणाम त्याआधीच संपतो. साखर चढलेली प्राण्याला काही दिवस सोसते. उतरलेली काही मिनिटांत जीव घेऊ शकते. पुढची प्रत्येक तपासणी याच भीतीपोटी लिहिली आहे.

पहिली तपासणी : बाटलीवरचा आकडा आणि सिरिंजवरचा आकडा

एका हातात बाटली आणि दुसऱ्या हातात सिरिंज घेऊन उजेडात उभे राहावे. आपल्याकडे मिळणाऱ्या माणसांच्या इन्शुलिनच्या बहुतेक बाटल्यांमध्ये एका मिलीत ४० युनिट असतात, आणि त्यासाठी लाल टोपणाची, ४० च्या मापाची सिरिंज असते. इन्शुलिन पेनातील काडतुसांत आणि ग्लार्जिनसारख्या (सावकाश काम करणाऱ्या इन्शुलिनच्या) काही बाटल्यांत एका मिलीत १०० युनिट असतात. त्यासाठी नारिंगी टोपणाची, १०० च्या मापाची सिरिंज वापरतात. दोन्ही सिरिंजवर रेघा असतात आणि त्यापुढे १०, २०, ३० असे आकडेही असतात, पण एकीवरच्या दहाच्या रेघेपर्यंत जेवढे औषध मावते, तेवढे दुसरीवरच्या दहापर्यंत मावत नाही. ४० च्या सिरिंजवर दहाची रेघ पाव मिलीवर येते, तर १०० च्या सिरिंजवर ती एक दशांश मिलीवरच येते.

म्हणजे ४० चे इन्शुलिन नारिंगी सिरिंजमध्ये दहाच्या रेघेपर्यंत भरले, तर प्राण्याला दहाऐवजी चार युनिट मिळतात. उलट, १०० चे इन्शुलिन लाल सिरिंजमध्ये दहापर्यंत भरले, तर पंचवीस युनिट जातात. पहिल्या चुकीत साखर उतरत नाही. दुसरीत प्राणी दगावू शकतो.

अठ्ठावीस किलोच्या एका लॅब्रेडॉरची गोष्ट मला कधीही विसरता येणार नाही. त्याला दोन वेळा बारा-बारा युनिट सुरू होते. मेडिकलमध्ये लाल टोपणाच्या सिरिंज संपल्या होत्या, म्हणून घरच्यांना नारिंगी टोपणाच्या मिळाल्या, आणि सिरिंज ती सिरिंज असे समजून त्यांनी त्या वापरल्या. कुत्र्याला प्रत्यक्षात जेमतेम पाच युनिट जात होती. साखर चढली, म्हणून डोस सोळा झाला. तरी उतरेना, म्हणून वीस झाला. वीसच्या रेघेपर्यंत भरूनही त्याच्या अंगात आठच युनिट जात होती. पुढच्या महिन्यात दुकानात पुन्हा लाल सिरिंज आल्या आणि त्या दिवसापासून कागदावरची वीस युनिट खरोखरच वीस झाली. दुसऱ्या दिवशी दुपारी तो जिन्यावर कोसळला. रात्रभर ग्लुकोजच्या सलाईनवर ठेवल्यावर तो वाचला. त्या घरातील आजोबा प्रत्येक इंजेक्शनाची वेळ वहीत लिहीत असत. निष्काळजीपणा कुठेच नव्हता. सिरिंज कोणत्या मापाची आहे, हे विचारायला हवे, हे त्यांना कोणी सांगितलेच नव्हते.

म्हणून टोपणाच्या रंगावर विसंबू नये, नळीवर छापलेला आकडा वाचावा. घरात एकाच मापाच्या सिरिंज ठेवाव्यात. घरातील वडीलधारी व्यक्ती स्वतः इन्शुलिन घेत असेल तर तिचे सामान वेगळ्या डब्यात ठेवावे, आणि पेनाच्या काडतुसातून लाल सिरिंजने औषध कधीही ओढू नये. मांजराचा डोस बहुधा एका वेळी एक युनिटाने सुरू होतो. १०० च्या ग्लार्जिनचे ते एक युनिट लाल सिरिंजने भरले तर अडीच युनिट होते, आणि चार किलोच्या जिवाला तेवढी चूक पुरेशी असते. एका मापाचे दुसऱ्यात रूपांतर करण्याचे गणित घरी मांडू नये. योग्य सिरिंज मिळेपर्यंत काय करायचे, हे फोन करून डॉक्टरांना विचारावे.

या तपासणीत चूक सापडली, तर लगेच योग्य सिरिंजने आधीचाच आकडा देणे सुरू करू नये. लॅब्रेडॉरच्या बाबतीत नेमके तेच घडले होते. चूक सापडली की डोस नव्याने ठरवून घ्यावा लागतो.

दुसरी तपासणी : बाटलीत नेमके काय आहे आणि ते जिवंत आहे का

बाटलीवर नावापुढे असलेले अक्षर वाचावे. 'एन' म्हणजे मध्यम गतीचे, 'आर' म्हणजे जलद, आणि '३०/७०' म्हणजे तीस टक्के जलद व सत्तर टक्के मध्यम यांचे मिश्रण. खोकी बरीचशी सारखी दिसत असल्याने काउंटरवर अदलाबदल होऊ शकते. 'एन' लिहून दिलेल्या कुत्र्याला ३०/७० मिळाले, तर पहिल्या दोन-तीन तासांत साखर वेगाने घसरते आणि संध्याकाळपर्यंत परिणाम ओसरलेला असतो. मांजरांच्या शरीरात 'एन' इन्शुलिन फार लवकर संपते, त्यामुळे त्यांच्यासाठी डॉक्टर शक्यतो ग्लार्जिन किंवा प्रोटामिन झिंक प्रकार पसंत करतात. मांजराला 'एन' सुरू असेल आणि साखर हलत नसेल, तर डोसाआधी प्रकाराबद्दल विचारावे.

यानंतर बाटलीची प्रकृती पाहावी. इन्शुलिन हे प्रथिन आहे. अंडे उकडले की पुन्हा कच्चे होत नाही, तसेच उन्हाने किंवा गोठून बिघडलेले इन्शुलिन पुन्हा पूर्ववत होत नाही. ते २ ते ८ अंश सेल्सिअसमध्ये ठेवायचे असते. जुन्या एकदारी फ्रिजमध्ये बर्फाच्या कप्प्याला टेकून ठेवलेली बाटली मागच्या बाजूने गोठते, आणि वितळल्यावर ती दिसायला जवळजवळ तशीच दिसते. एकदा गोठलेली बाटली टाकून द्यावी, हळहळू नये. विदर्भ-मराठवाड्याच्या मे महिन्यात मेडिकलमधून घेतलेली बाटली स्कूटरच्या डिकीत तासभर राहिली, तरी तिच्यावर भरवसा ठेवू नये. घरी नेताना थंड पाण्याची बाटली आणि तिच्याभोवती रुमाल, एवढी सोय पुरते. इन्शुलिन मात्र थेट बर्फावर ठेवू नये.

बाटली उघडल्याची तारीख तिच्यावर पेनाने लिहावी आणि प्रकारानुसार चार ते सहा आठवड्यांनी नवी घ्यावी. छोट्या कुत्र्याला दिवसाला सहा-आठ युनिट लागतात आणि बाटलीत चारशे असतात, त्यामुळे अर्धी बाटली फेकायची जिवावर येते, हे मला समजते. तरीही तीन महिने जुन्या बाटलीतून भरलेल्या आठ युनिटांचा परिणाम आठ युनिटांइतका असेलच, याची हमी कोणी देऊ शकत नाही, आणि डोसाचा सगळा हिशेब त्या हमीवरच उभा असतो.

'एन' प्रकार दुधाळ असतो. देण्याआधी बाटली दोन्ही तळव्यांमध्ये धरून दहा-बारा वेळा हळुवार फिरवावी, म्हणजे तळाशी बसलेला पांढरा भाग सारखा मिसळतो. न मिसळता भरले, तर सुरुवातीच्या दिवसांत पातळ आणि बाटली संपताना जाड औषध जाते, म्हणजे एकाच रेघेला रोज वेगळा डोस. फिरवूनही कण किंवा गुठळ्या दिसल्या तर बाटली बाद करावी. ग्लार्जिन पाण्यासारखे स्वच्छ असते. ते गढूळ दिसले की खराब झाले. ते आम्ल द्रावणात विरघळवलेले असते आणि कातडीखाली गेल्यावर त्याचे सूक्ष्म कण बनतात, म्हणूनच ते सावकाश उतरते. त्यामुळे मोजायला सोपे जावे म्हणून ते पाण्याने किंवा सलाईनने पातळ करणे हा ते निकामी करण्याचा खात्रीचा मार्ग आहे. प्राण्यांसाठी मिळणाऱ्या डुकराच्या इन्शुलिनची मिसळण्याची रीत वेगळी असते. त्या बाटलीवरील सूचनाच पाळावी. डुकराच्या आणि कुत्र्याच्या इन्शुलिनची रचना अगदी सारखी असते, म्हणून कुत्र्यांचे शरीर ते सहज स्वीकारते. १९२१ मध्ये टोरांटोत फ्रेडरिक बँटिंग आणि चार्ल्स बेस्ट यांनी स्वादुपिंडाच्या अर्काने साखर उतरते हे कुत्र्यांवरच दाखवून दिले होते. आज त्याच औषधाचे एकेक युनिट कुत्र्यापर्यंत नीट पोहोचवणे हे मला त्या ऋणाची परतफेड केल्यासारखे वाटते.

तिसरी तपासणी : हात

पालकांना मी नेहमी सांगते, "नेहमी देता तसेच देऊन दाखवा, मी काही बोलणार नाही." सिरिंजमध्ये इन्शुलिनऐवजी सलाईन असते. पाच मिनिटांत बरेच काही दिसते. कोणी डोळ्यांच्या पातळीवर न धरता वरून पाहून भरतो, त्यामुळे दीड-दोन युनिटांचा फरक पडतो. कोणाच्या सिरिंजमध्ये हवेचा बुडबुडा असतो. तो टोचला गेल्याने अपाय होत नाही, पण जेवढी जागा बुडबुड्याने घेतली तेवढे औषध कमी गेले, आणि तीन युनिटांच्या डोसात ते एक युनिटही असू शकते.

सर्वांत नेहमीची चूक मात्र बोटांच्या चिमटीत असते. कातडी उचलून तंबू केला जातो, सुई एका बाजूने आत जाते आणि दुसऱ्या बाजूने बाहेर येते. औषध केसांत सांडते आणि कळतही नाही. पॉमेरेनियनसारख्या दाट केसांच्या कुत्र्यात हे हमखास घडते. ओळखण्याची युक्ती सोपी आहे. इंजेक्शन दिल्यावर त्या जागेवर कोरडे बोट फिरवावे आणि बोटाचा वास घ्यावा. इन्शुलिनमध्ये टिकवण्यासाठी फिनॉलच्या जातीची द्रव्ये घातलेली असतात, त्यामुळे सांडले असेल तर फिनाईलसारखा किंवा नव्या चिकटपट्टीसारखा वास येतो. केस ओले लागले आणि हा वास आला, तरी दुसरे इंजेक्शन देऊ नये. किती आत गेले आणि किती सांडले, हे कोणालाही सांगता येत नाही. पुढच्या वेळेपर्यंत थांबावे. एक डोस हुकल्याने फारसे बिघडत नाही, दुप्पट झाल्याने बिघडते.

मानेमागची कातडी सैल असते म्हणून तिथेच रोज टोचले जाते. काही महिन्यांत ती जाड होते आणि औषध नीट शोषले जात नाही. बरगड्यांच्या मागे, दोन्ही कुशींवर जागा बदलत राहावे, आणि दिसत नसेल तर तेवढ्या भागातील केस कापून घ्यावेत. घरात इंजेक्शन देणारे दोघे असतील, तर फ्रिजच्या दारावर तारखांचा कागद लावून दिल्यावर लगेच खूण करावी. आई आणि मुलगा दोघांनीही दिले, किंवा दोघांनीही समोरच्याने दिले असेल असे समजून दिलेच नाही, असे दोन्ही प्रकार मी पाहिले आहेत.

चौथी तपासणी : ताट आणि घड्याळ

बारा तासांच्या अंतराने दोन जेवणे, दोन्ही सारख्या वजनाची, आणि जेवल्यावर इंजेक्शन. कुत्र्यांच्या बाबतीत एवढे साधले की निम्मी लढाई जिंकली. आधी इंजेक्शन देऊन मग ताट ठेवण्याची सवय धोक्याची आहे, कारण त्या दिवशी कुत्रा जेवलाच नाही तर औषध परत काढून घेता येत नाही. प्राणी अर्धेच जेवला किंवा उलटी केली, तर पूर्ण डोस देऊ नये आणि किती द्यायचा हे डॉक्टरांना विचारावे. हा प्रश्न आधीच विचारून उत्तर फ्रिजवर लावून ठेवणे उत्तम.

दोन जेवणांच्या मधले खाणे कोणी सांगत नाही. चहासोबत ग्लुकोजची दोन बिस्किटे, आजीच्या ताटातील दूधभात, पोळीचा शेवटचा गूळ लावलेला घास, गणपतीत मोदक. यांतील प्रत्येक गोष्ट प्रेमाने दिली जाते, म्हणून मी रागावत नाही. फक्त तीन दिवस घरातील प्रत्येकाने दिलेले सगळे लिहून आणायला सांगते. कागद वाचला की बहुधा पालक स्वतःच मान हलवतात. लाड करायचाच असेल तर उकडलेल्या अंड्याचा पांढरा भाग किंवा बिनमिठाच्या चिकनचा तुकडा चालतो, आणि तोही जेवणाच्या वेळेलाच द्यावा.

मांजरांचे गणित निराळे आहे. कोरड्या खाद्यात पिष्टमय भाग बराच असतो, आणि ते कमी करून मांसाचे ओले खाद्य सुरू केले की काही मांजरांची इन्शुलिनची गरज झपाट्याने घटते. काहींचा मधुमेह काही काळासाठी मिटतोदेखील. म्हणून मांजराचे खाद्य डॉक्टरांना कळवल्याशिवाय बदलू नये. जुना डोस तसाच राहिला तर साखर खाली कोसळते.

पाचवी तपासणी : इतर औषधे

घरातील सगळी औषधे एका पिशवीत भरून आणावीत, मलमे आणि थेंबांसकट. इन्शुलिनला सर्वांत जास्त विरोध करणारा गट स्टेरॉइडचा. खाजेसाठी दिलेले प्रेडनिसोलोन किंवा डेक्सामेथासोन घेत असताना इन्शुलिनचा परिणाम फिका पडतो, आणि मांजरांना दिलेले दीर्घकाळ टिकणारे स्टेरॉइड इंजेक्शन तर कित्येक आठवडे अंगात राहते. कानाच्या आणि डोळ्यांच्या थेंबांतही स्टेरॉइड असू शकते आणि छोट्या प्राण्यांत तेवढेही पुरते. एका बोक्याची साखर सहा आठवडे हलत नव्हती, आणि कारण होते कानात रोज दोनदा टाकले जाणारे थेंब. पालक ते औषध मानतच नव्हते, त्यामुळे त्यांनी सांगितले नव्हते. तरीही चालू असलेले स्टेरॉइड स्वतःहून एकदम बंद करू नये. दीर्घकाळ घेतल्यावर शरीराचे स्वतःचे संप्रेरक मंदावलेले असते आणि अचानक थांबवल्यास प्राणी खचतो. कमी कसे करायचे ते डॉक्टर सांगतील, आणि ते कमी होताना इन्शुलिनचा डोसही उतरवावा लागेल.

याच पिशवीत कधीकधी घरातील कोणाच्या तरी मधुमेहाच्या, मेटफॉर्मिन किंवा ग्लिमेपिराइडच्या गोळ्या निघतात, नाहीतर जांभळाच्या बियांची पूड किंवा कारल्याचा रस. कुत्र्याच्या मधुमेहात स्वादुपिंडातील इन्शुलिन बनवणाऱ्या पेशीच बहुतेक नष्ट झालेल्या असतात. ज्या पेशी उरल्याच नाहीत, त्यांना गोळीने चालना देता येत नाही. इन्शुलिनच्या जागी असे काही देऊन पाहण्यात गेलेला आठवडा कीटोनकडे नेणारा ठरू शकतो.

सहावी तपासणी : घरी साखर मोजणे

इथून पुढे थोडा खर्च आहे. घरच्या ग्लुकोमीटरने कानाच्या कडेवरून किंवा पंजाच्या गादीवरून रक्ताचा थेंब घेता येतो. कान आधी कोमट कापडाने शेकावा. स्पिरिट लावले असेल तर ते पूर्ण वाळू द्यावे, अन्यथा आकडा बिघडतो. माणसांचे यंत्र कुत्र्या-मांजरांत बहुधा खऱ्यापेक्षा कमी आकडा दाखवते, कारण माणसाच्या तांबड्या पेशींत साखरेचा मोठा वाटा असतो, तर या प्राण्यांत ती बहुतांश पेशींबाहेरच्या द्रवात असते. प्राण्यांसाठी बनवलेल्या यंत्रात कुत्रा किंवा मांजर यांपैकी योग्य कोड निवडला आहे का, हे पाहावे. गोचिडतापाने रक्त कमी झालेल्या कुत्र्यात यंत्र उलट जास्त साखर दाखवते. दरवेळी एकच यंत्र वापरावे आणि ते दवाखान्यात नेऊन प्रयोगशाळेच्या आकड्याशी एकदा ताडून घ्यावे.

सकाळचा एकच आकडा पाहून डोस का बदलू नये, हे समजण्यासाठी एक दिवस जेवणाआधी आणि मग दर दोन तासांनी असे बारा तास मोजून कागदावर आलेख काढावा. समजा, तीन कुत्र्यांची सकाळची साखर ४५० आहे. पहिल्याची दिवसभर चारशेच्या आसपासच राहते, म्हणजे औषध पोहोचत नाही, कमी पडते किंवा काहीतरी त्याला अडवते आहे. दुसऱ्याची चार तासांत १५० वर येते आणि आठव्या तासाला पुन्हा चारशे होते. त्याचा डोस बरोबर असून औषध लवकर संपते आहे, त्यामुळे प्रकार बदलावा लागेल. तिसऱ्याची दुपारी ५५ पर्यंत घसरते, शरीर घाबरून यकृतातील साखर रक्तात ओतते आणि रात्रीपर्यंत ती पुन्हा ४५० वर जाते. त्याचा डोस जास्त आहे आणि तो कमीच करायला हवा. सकाळचा आकडा तिघांचाही तोच. अशा वेळी तिसऱ्याचा डोस वाढवणे जिवावर बेतू शकते. बारा तासांतील सर्वांत खालचा आकडा साधारण ८० ते १५० च्या दरम्यान हवा. तो ८० च्या खाली जात असेल तर त्याच दिवशी डॉक्टरांना कळवावे.

दवाखान्यात घाबरलेल्या मांजराची साखर तीनशेवर जाणे अगदी सामान्य आहे, त्यामुळे मांजराची मापे घरीच घेतलेली बरी. ते शक्य नसेल तर फ्रुक्टोसामाइनची रक्तचाचणी गेल्या दोन-तीन आठवड्यांची सरासरी सांगते आणि भीतीच्या त्या क्षणाने फसत नाही. अंगावर चिकटवून चौदा दिवस चालणारा सेन्सर महाग असला, तरी वारंवार टोचू न देणाऱ्या प्राण्यासाठी तो वरदान आहे.

इथे थांबावे आणि प्राणी डॉक्टरांच्या हवाली करावा

वरील सहाही गोष्टी नीट आहेत आणि तरी साखर उतरत नाही, याचा अर्थ शरीरातच कोणीतरी इन्शुलिनला अडवते आहे. ते शोधणे घरचे काम नाही. नसबंदी न झालेल्या कुत्रीत माजानंतर सुमारे दोन महिने प्रोजेस्टेरॉन चढलेले असते आणि त्या काळात इन्शुलिन फारसे चालत नाही. तिची नसबंदी हा उपचाराचाच भाग आहे आणि ती लांबवू नये. मूत्रमार्गातील जंतुसंसर्ग साखरेच्या लघवीत लपून राहतो, म्हणून लघवीचे कल्चर (प्रयोगशाळेत जंतू वाढवून पाहण्याची तपासणी) करावे लागते. किडलेले दात, सुजलेले स्वादुपिंड, कुत्र्यांत कुशिंग विकार (मूत्रपिंडांजवळच्या अधिवृक्क ग्रंथींचे स्टेरॉइडसारखे संप्रेरक अति होणे), मांजरांत वाढीचे संप्रेरक अति होणे, ही पुढची यादी आहे. कुत्र्याला एका वेळी किलोमागे १.५ युनिटापर्यंत देऊनही साखर चढलेली राहत असेल, तर डॉक्टर डोस वाढवण्याऐवजी हीच कारणे शोधतात.

डोस बदलला की शरीराला जुळवून घ्यायला पाच ते सात दिवस द्यावे लागतात, आणि डॉक्टर एका वेळी साधारण दहा ते पंचवीस टक्क्यांचाच फेरफार करतात. त्याआधी दर दोन दिवसांनी आकडा हलवला तर आलेखातून काहीच वाचता येत नाही. एकदाही झटका आला, साखर ६० च्या खाली दिसली, लघवीच्या पट्टीवर कीटोन दिसले, चोवीस तास जेवण गेले नाही, डोळे अचानक लाल होऊन दुखू लागले, किंवा सिरिंजची चूक सापडली, तर घरी आणखी एकही प्रयोग न करता त्याच दिवशी निघावे. सोबत बाटली तिच्या खोक्यासकट, सध्या वापरातली सिरिंज, पाण्याची व जेवणाची वही, आणि बाकीच्या औषधांची ती पिशवी घ्यावी. शेवटचे इंजेक्शन किती वाजता आणि किती युनिट दिले, हे कागदावर लिहून न्यावे, कारण गडबडीत ते नेमके आठवत नाही आणि डॉक्टर सर्वांत आधी तेच विचारतात.